बटाट्याची तहान



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. हमालांच्या आणि शेतमजुरांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली, त्याने दुसरे काय बोलावे? आम्ही बटाट्याचे नाव काढले तेव्हा त्यांना थोडे हसू आले. पण त्यांनी नकार दिला नाही, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर बसून आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांना विचारून झाले. तेव्हा आज जे सांगणार ते कृषिपंडिताच्या अधिकाराने सांगत नाही. एका प्रसंगी हे शिकणे आम्हांस भाग पडले, म्हणून शिकलो. तो प्रसंग आधी सांगतो.

२०१२ चा दुष्काळ आपणांपैकी कोणी विसरले नसेल. आपल्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा त्यात उभ्या वाळल्या. त्याच हंगामात एका मोठ्या बाजारपेठेत बटाट्याची गाडी उतरत होती. गोण्या उघडल्या तो माल भेगाळलेला, वेडावाकडा, कोठे गाठी आलेला. माल घेणारा म्हणाला, "हमालांनी गोण्या आपटल्या. नुकसान हमालीतून कापून घेऊ." टोळीतली बारा माणसे घाम पुशीत उभी होती. आम्ही नियम सांगू लागलो, आवाज चढवू लागलो. पण बटाटा खरोखरच फुटलेला होता, आणि फुटलेल्या बटाट्यापुढे नियम चालेना.

तेव्हा टोळीतले वयाने वडील असलेले एक नाना पुढे आले. त्यांनी गावाकडे पूर्वी बटाटा लावलेला होता. त्यांनी एक बटाटा उचलून आमच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, भांडू नका. भेगेत बोट घालून बघा. आत साल धरली आहे. आपटून फुटला असता तर आत ओला गर लागला असता. ही भेग जमिनीतली आहे. पाणी तुटलं आणि मग एकदम मिळालं, त्याची आहे." दहा-वीस बटाटे सर्वांदेखत तपासले गेले. हमाली कापली गेली नाही.

त्या दिवशी आम्हांस दोन गोष्टी समजल्या. एक म्हणजे, बटाटा आपल्या अंगावर पाण्याचा इतिहास लिहून ठेवतो. दुसरी म्हणजे, तो वाचता आला नाही तर कोणाचा तरी दोष भलत्याच्याच माथी बसतो. तेव्हापासून आम्ही हे वाचायला शिकू लागलो.

धावडा आणि बटाटा

आपल्या गावाचे नाव धावडा. याच नावाचे झाडही आहे, आणि त्याचा डिंक आपल्या घरोघरी बाळंतिणीच्या लाडवांत पडतो. खडकाळ, कोरड्या उतारावरही हे झाड तग धरते. पाणी आटू लागले की पाने झाडून टाकते आणि पावसाची वाट पाहत उभे राहते. त्याला घाई नाही, कारण त्याच्यापुढे पुष्कळ वर्षे आहेत.

बटाट्याचे सारेच उलट. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांत आहे. तेथील लोक हजारो वर्षे त्याची लागवड करीत आले. पोर्तुगीज लोकांबरोबर तो हिंदुस्थानात आला. आपला 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला. मिरची, वांगी, टोमॅटो आणि बटाटा ही एकाच कुळातली भावंडे होत. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीच्या गोण्या उचलणाऱ्या आमच्या मंडळींना हे सांगितले की ती चकित होतात. पण स्वभाव निराळे. बटाट्याला थंड हवा लागते, भुसभुशीत जमीन लागते, आणि साधारण तीन महिन्यांत त्याला आपला संसार आटोपायचा असतो.

त्याची मुळे उथळ असतात. बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फुटातच पसरतात, आणि खाली घट्ट थर लागला तर तो फोडण्याचे बळ त्यांत नसते. म्हणजे शेतात चार फुटांवर ओल असली तरी बटाट्याच्या दृष्टीने ती शेजाऱ्याच्या विहिरीतल्या पाण्यासारखी. दिसते, पण आपल्या कामाची नाही.

यावरून कोणी समजेल की बटाटा हे पाणी उधळणारे पीक आहे. ते खरे नाही. जगाची सरासरी पाहता एक किलो बटाटा पिकवण्यास सुमारे २९० लिटर पाणी लागते. एक किलो गव्हास सुमारे १८०० लिटर लागते. बटाट्याचा चार-पंचमांश भाग पाणीच असतो, म्हणून ही तुलना सरळ करणे योग्य नव्हे. तरी तो भाग वजा करून केवळ कोरडा अंश धरला तरीही बटाट्याचा खर्च गव्हाहून कमीच भरतो.

मग हे कोडे काय आहे? जो इतक्या थोड्यात भागवतो, तोच पाणी आठ दिवस लांबले की कोलमडतो कसा? उत्तर असे की, बटाटा काटकसरी आहे, पण उधारीवर चालणारा नाही. त्याला पाणी थोडे पुरते. मात्र ते वेळेवर लागते. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. पुढे जे सांगू ते याचेच स्पष्टीकरण समजावे.

एकाच दारातून दोन व्यवहार

झाडाच्या पानाला बारीक बारीक छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. ती साध्या डोळ्यांनी दिसत नाहीत. या छिद्रांतून हवेतला कर्बवायू आत येतो आणि उन्हाच्या साह्याने पान त्याची साखर बनवते. तीच साखर पुढे खाली जाऊन कंदात पिष्ट होऊन साठते. पण ज्या दारातून कर्बवायू आत येतो, त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. कारखान्याला फाटक एकच. कच्चा माल आत येतो तेही तेथून, आणि पाणी गळते तेही तेथून.

जमीन कोरडी होऊ लागली की मुळांना ते आधी कळते. कोरड्या पडणाऱ्या मुळांतून आणि पानांतून ॲब्सिसिक आम्ल नावाचे एक द्रव्य तयार होते आणि त्याचा निरोप पानांच्या दारांना पोहोचतो. दारे मिटू लागतात. पाणी वाचते, पण कच्चा मालही बंद होतो. कारखाना शाबूत राहतो आणि उत्पादन थांबते. पुष्कळ पिके हे दार शेवटपर्यंत अर्धेमुर्धे उघडे ठेवतात. बटाटा भित्रा, थोडीशी ओढ पडताच दार लावून घेतो. जमिनीत पिकाला घेता येण्याजोगी जी ओल असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा संपला की त्याचे काम मंदावू लागते. शेत वरून हिरवेगार दिसत असते, आणि आत पगार बंद झालेला असतो.

याही आधी एक गोष्ट घडते. पानांची वाढ थांबते. नवे पान लहान राहते. दार लागल्यामुळे वाफ बाहेर जात नाही, म्हणून पान तापते. आपल्याकडे दुष्काळ आणि उष्मा हे जोडीने येतात, आणि बटाट्यावर दोघांचा मार एकाच वेळी बसतो. कंद पोसण्यास जमिनीचे तापमान पंधरा ते वीस अंशांच्या आसपास चांगले. ते तिशीकडे गेले की कंदाची वाढ जवळजवळ थांबते. सुकलेली जमीन ओल्या जमिनीपेक्षा लवकर तापते, म्हणून पाण्याची तूट ही उष्णतेचीही तूट भरून... नव्हे, उष्णतेचा भार वाढवूनच येते.

गोणीतली साक्ष

आता गोणी उघडून पाहू. लागवडीनंतर साधारण महिन्याभराने जमिनीखाली आडव्या जाणाऱ्या दोऱ्यांची टोके फुगू लागतात. हेच बटाटे. एका झाडाला किती बटाटे धरणार, हे या दोन-तीन आठवड्यांत बहुतांशी ठरते. या वेळी पाणी तुटले तर संख्या कमी होते. शिवाय खरूज नावाचा एक जमिनीतला रोग याच कोरड्या दिवसांत कोवळ्या सालीत शिरतो. गोणीत खवडे पडलेला बटाटा दिसला की समजावे, कंद धरताना माती कोरडी होती.

त्यानंतरचा महिना पोसण्याचा. या वेळी पाणी तुटले तर संख्या राहते, पण आकार राहत नाही. सारी गोल्टी निघते. आणि पाणी तुटून मग एकदम भरपूर मिळाले, तर आणखी चमत्कार दिसतात. थांबलेला कंद पुन्हा वाढू लागतो, पण सर्व बाजूंनी सारखा वाढत नाही. डोळ्यांपाशी गाठी फुटतात, एखाद्या बटाट्याला कंबर पडते, एखाद्याला शेपटी येते. आतला भाग सालीपेक्षा झपाट्याने वाढला तर साल फाटते, आणि जमिनीतच त्या भेगेवर नवी साल धरते. नानांनी आमच्या हातावर ठेवलेला बटाटा तो हाच. काही मोठे बटाटे मध्ये पोकळ निघतात. कापल्याशिवाय ते कळत नाही, आणि दोष भाजीवाल्याला मिळतो.

काळ्या जमिनीत आणखी एक संकट असते. ती सुकली की तिला भेगा पडतात. त्या भेगांतून पाकोळी नावाचा पतंग खाली उतरतो आणि उघड्या पडलेल्या बटाट्यावर अंडी घालतो. ही पाकोळी मूळची आपली नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीहून आलेल्या बेण्याबरोबर ती मुंबई इलाख्यात आली. अळी बटाट्यात शिरते आणि साठवणीतही पोखरत राहते. म्हणजे शेतातले पाणी जानेवारीत तुटले, तर त्याचे भोग एप्रिलमध्ये वखारीतही दिसतात. त्याच भेगांतून ऊन लागले तर बटाटा हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा खाण्यास विषारी असतो.

शेवटी, काढणीपूर्वीचे आठ-दहा दिवस. या वेळी पाणी तोडणे हेच योग्य. त्याने साल पक्की होते आणि गोणीत भरताना निघत नाही. पाहा, तेच कोरडेपण तिसाव्या दिवशी घातक आणि ऐंशीव्या दिवशी हितकर. पाण्याचे मोल त्याच्या तारखेवर ठरते. उशिरा हातात पडलेली मजुरी रकमेने तेवढीच असते, पण तोवर दुकानदाराचे व्याज चढलेले असते. बटाट्याचेही तसेच आहे.

जगणे वेगळे, पिकणे वेगळे

आता आपण विचाराल, दुष्काळाला दाद न देणारा बटाटा शास्त्रज्ञ का काढीत नाहीत? हा प्रश्न जालन्याच्या माणसाने विचारावा हे स्वाभाविक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली याच जिल्ह्याच्या गावी बियाण्याचा उद्योग उभा केला, आणि संकरित बियाण्याने काय होते हे आपण पाहिले आहे. पण बटाट्याची गोष्ट ज्वारी-कापसासारखी नाही. आपण बटाट्याचे बी पेरीत नाही, बटाटाच पुरतो. शिवाय ज्वारीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर आपल्या बटाट्यात चार. दोन चांगल्या वाणांचा संकर केला तर पिढी कशी निघेल याचा नेम नसतो. हजारो रोपांतून निवड करता करता एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षे सहज जातात.

तरी काम झाले आहे. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली आणि १९५६ साली सिमल्यास गेली. सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणावरून तिच्या वाणांना नाव मिळते. १९६८ सालची 'कुफरी ज्योती' महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. १९७२ साली, म्हणजे नेमके आपल्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी, दख्खनच्या पठारासाठी एक वाण आला. त्याचे नाव 'कुफरी लवकर'. आपल्याच भाषेतला शब्द, आणि त्यातच त्याची युक्ती आहे. तो दुष्काळाशी झुंजत नाही. अडीच-पावणेतीन महिन्यांत आपले काम उरकून दुष्काळ येण्यापूर्वी निघून जातो. त्याच्याच वंशातून २००६ साली 'कुफरी सूर्य' आला. रात्री उबदार असल्या तरी तो कंद धरतो. अलीकडे 'कुफरी थार' या नावाचे वाण कमी पाण्यावर चांगले उत्पन्न देण्यासाठी काढले आहेत. २०११ साली बटाट्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन जगातील अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून प्रसिद्ध केले, त्यात आपली सिमल्याची संस्थाही होती. त्यात ३९ हजारांहून अधिक जनुके आढळली. दुष्काळ सोसण्याचा गुण त्यांतल्या एखाद्यात नाही, अनेकांत वाटलेला आहे. म्हणून एक कळ दाबून तो आणता येत नाही.

आणि येथे एक फसवणूक टाळली पाहिजे. दुष्काळात जगणारे झाड आणि दुष्काळात पिकणारे झाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जो बटाटा दार चटकन लावतो तो मरत नाही, पण त्याच्या गोण्याही भरत नाहीत. धावड्याचे झाड उन्हाळा काढते, कारण त्याच्याकडून तीन महिन्यांत शंभर गोण्या आपण मागत नाही. शेतकऱ्याला हवे ते असे झाड की जे मुळे थोडी खोल नेईल, ओढ पडली तरी दार सावकाश लावील, आणि पाणी मिळताच पुन्हा कामाला लागेल. वाण निवडताना "दुष्काळात टिकतो का" हा प्रश्न अर्धाच आहे. "टिकून किती देतो" हे विचारावे.

चार आधार

वाणावर सारा भार टाकू नये, हे आम्ही सातगाव पठारावर शिकलो. संघटनेच्या कामासाठी मंचरच्या बाजारात जाणे झाले, तेव्हा वर पेठ-कुरवंडीकडे फिरून आलो. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले हे पठार. तेथे पावसाळ्यात, पावसाच्याच पाण्यावर बटाटा घेतात. बेणे पंजाबातून येते. पठाराच्या उंचीमुळे हवा थंड असते, म्हणून ते जमते. पण पावसाने ऐन पोसण्याच्या दिवसांत दडी मारली की सारे गाव आभाळाकडे पाहत बसते. तेथील जाणत्या लोकांकडून जे ऐकले आणि पुस्तकांतून जे ताडून पाहिले, त्याचे चार भाग पडतात.

पहिला आधार माती. शेणखत, कंपोस्ट यांनी माती ओल धरते आणि भुसभुशीत राहते, म्हणजे मुळे थोडी खोल जातात. खालचा घट्ट थर नांगरटीने फोडावा. वरंब्यावर मातीची भर वेळेवर द्यावी. तिने कंद झाकला जातो, भेगा बुजतात आणि पाकोळीची वाट बंद होते. उसाचे पाचट, गव्हाचे काड यांचे आच्छादन टाकले तर जमीन गार राहते आणि ओल टिकते. पालाशाचा अंश कमी पडू देऊ नये, कारण पानांची दारे उघडण्या-मिटण्याच्या कामी तो लागतो. नत्र मात्र बेताने द्यावे. नुसता पाला माजला तर तहानही माजते.

दुसरा आधार बेणे. शीतगृहातून आणलेले बेणे तसेच पुरू नये. काही दिवस सावलीत, उजेडात पसरून त्याला आखूड, जाड मोड आणावेत. असे बेणे लवकर उगवते आणि मुळे लवकर पसरवते. माती उष्ण आणि कोरडी असेल तर कापलेल्या फोडी सडतात. म्हणून कोंबडीच्या अंड्याएवढे अखंड बेणे बरे. रब्बीत लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आटोपावी. पुढे जितका उशीर, तितके पोसण्याचे दिवस उन्हाकडे आणि आटत्या विहिरीकडे ढकलले जातात.

तिसरा आधार पाणी देण्याची रीत. पंधरा दिवसांनी एकदा तुडुंब भरण्यापेक्षा थोडे थोडे आणि जवळ जवळ द्यावे. उथळ मुळांना खोल गेलेले पाणी मिळत नाही. ठिबक असेल तर उत्तमच. नसेल तर कंद धरून झाल्यावर एक सरी आड पाणी देऊन पुढच्या पाळीला दुसरी सरी भिजवावी. याने निम्मी मुळे ओली राहून झाडाला पाणी पुरवतात, आणि कोरड्या बाजूची मुळे दारे थोडी ओढून घेण्याचा निरोप धाडतात. पाणी वाचते आणि कारखाना बंद पडत नाही. कंद धरण्याच्या दिवसांत मात्र हा प्रयोग करू नये.

चौथा आधार वाण, आणि त्याविषयी वर सांगितलेच आहे. नवा वाण आधी चार सऱ्यांत लावून पाहावा. दुसऱ्या प्रांतात चांगला ठरलेला वाण आपल्या मातीत चांगला ठरेलच असे नाही.

विहिरीचा हिशेब

आपल्या भोकरदन तालुक्यात बटाटा हे मुख्य पीक नव्हे. मिरची, कापूस, मका, सोयाबीन यांच्यामागे तो येतो, विहिरीच्या कडेने, थोड्या रानात. म्हणूनच ज्याला तो लावायचा आहे, त्याने आधी कागदावर पुढील हिशेब करावा, अशी आमची विनंती आहे.

एक एकर रानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. नव्वद दिवसांच्या रब्बी बटाट्याला सुमारे ४०० मिलिमीटर धरले, तर एकरी १६ लाख लिटर झाले. पोसण्याच्या दिवसांत रोज साडेचार मिलिमीटर म्हणजे १८ हजार लिटर हवेत. पंप तासाला वीस हजार लिटर टाकीत असेल तर ते जवळजवळ रोजचा एक तास झाले. पाटाने पाणी देताना गळती होते, ती वेगळी.

आता विहिरीला विचारावे. नोव्हेंबरात ती चार तास चालते, म्हणून आपण खूश होतो. पण बटाटा पोसतो डिसेंबर-जानेवारीत. गेल्या तीन वर्षांत जानेवारीत विहीर किती वेळ चालली, हे आठवून लिहावे. ती अर्धा तासच चालत असेल, तर आपल्याला अर्धा एकरच लावण्याचा अधिकार आहे. एक एकर लावून निम्मे पाणी दिले, तर निम्मे उत्पन्न मिळेल असे समजू नये. बेणे, खत, मजुरी एका एकराची जाईल, आणि गोल्टी हाती येईल. अर्धा एकर लावून वेळेवर पाणी दिले, तर खर्च निम्मा होईल आणि माल बाजारात उभा राहील.

तोटा कोणाच्या पदरात

शेवटची गोष्ट आमच्या मूळ कामाची. बटाटा काढणीला आणि वेचणीला बहुधा बायाच असतात. मजुरी गोणीवर ठरलेली असली आणि साल दुष्काळाचे असले, तर काय होते ते पाहा. सऱ्या तेवढ्याच खणायच्या, वाकायचे तेवढेच, उलट बारका माल वेचण्यास वेळ अधिक. गोण्या मात्र कमी भरतात. म्हणजे आभाळाने जे दिले नाही, ते बाईच्या रोजातून वजा होते. तिने ना वाण निवडला, ना विहिरीचा हिशेब चुकवला. म्हणून आम्ही सांगत आलो की, तुटीच्या वर्षी काढणीची मजुरी गोणीवर न ठेवता दिवसावर ठेवावी, आणि हे लागवडीच्या वेळीच बोलून ठेवावे. शेतकऱ्याचा तोटा आम्हांस कळत नाही असे नव्हे. आमच्या संघटनेतले निम्मे लोक स्वतः दोन-तीन एकरांचे धनी आहेत.

१९७२ साली आमच्या आईने दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्या कामांतून कितीतरी बांध आणि पाझर तलाव उभे राहिले. आज ज्या विहिरीला जानेवारीत अर्धा तास पाणी असते, त्यात कोणाच्या तरी आईच्या हातची खडी आहे. पिकाची दुष्काळ सोसण्याची शक्ती अशी दूरवरून येते. थोडी बियाण्यातून, थोडी मातीतून, थोडी पाणी देणाऱ्याच्या घड्याळातून, आणि थोडी अडवलेल्या पाण्यातून.

आपण बाजारात बटाटा घ्याल तेव्हा एखादा वाकडा किंवा भेगाळलेला हाती आला, तर टाकण्यापूर्वी भेगेत बोट घालून पाहा. आत साल असेल तर हमालाला बोल लावू नका. त्या झाडाला कोठेतरी, पोसण्याच्या दिवसांत, पाणी उशिरा मिळाले होते. आणि साल काढून तो भाजीत घालण्यास काहीच हरकत नाही.